सोयरीची सोंगटी

१६ ऑगस्ट १९८३

ही डायरी गेल्या वर्षाची आहे. कारखान्यात उरलेल्या डायऱ्यांचा गठ्ठा रद्दीत चालला होता, त्यातली एक दत्तोपंतांनी काढून मले दिली. छापलेला वार एक दिवस मागे पडतो. म्हणून वार खोडून टाकतो, तारीख तेवढी ठेवतो.

दत्तोपंत म्हणजे आमचे मालक मनोहरराव यांचे जुने मास्तर. इतिहास शिकवत होते, आता रिटायर. मनोहरराव नागपूरच्या इतवारीत मिठाईचे अन् साड्यांचे खोके बनवतात, सोबत सापशिडी. या दिवाळीले सापशिडीच्या जागी मास्तरांचा नवा खेळ दुकानात पाठवायचा आहे. मोठा पट, त्याच्यावर नागपूर, पुणे, हैद्राबाद, कलकत्ता. चार राजे: भोसले, पेशवे, निजाम, इंग्रज. फासा टाकायचा, घोडे चालवायचे, किल्ले घ्यायचे. जेवणाच्या सुट्टीत आम्ही खेळून पाहायचं अन् काय बिघडलं ते मी लिहायचं.

मीच काहून? तर दत्तोपंत म्हणाले, "लहानू, तू चौथी शिकलेला. तुला जे नियम कळतील ते सगळ्यांना कळतील."

राग आला. पण डायरी घेतली.

सकाळी खोके डकवायची खळ शिजवायचं काम माझं. मैदा, पाणी, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. घट्ट होईपर्यंत अर्धा तास ढवळत बसा लागते. एका हातानं ढवळतो, दुसऱ्यानं लिहितो.

१८ ऑगस्ट

पहिला खेळ. मी भोसले. मधुसूदन पेशवे, तो आमची छपाईची मशीन चालवतो अन् अर्धं बोलणं हिंदीत करतो. रंभाबाई इंग्रज, ती डकवायच्या टेबलावरची मुख्य. मनोहरराव स्वतः निजाम.

दत्तोपंतांचा नियम असा: दोघांनी हातावर हात मारला की तह झाला. तह मोडला तर दोन घोडे दंड. मी मधुसूदनसंगं तह केला अन् तिसऱ्या दानाले त्याचा किल्ला घेतला. दोन घोडे गेले, पाच आले. मंग मधुसूदननं निजामाचा मोडला, निजामानं इंग्रजाचा. वीस मिनिटांत सगळ्याईनं सगळ्याईचा तह मोडून टाकला. शेवटी फक्त फाशाचं काम राहिलं.

रंभाबाई म्हणे, "हे तर सापशिडीच झालं. तेच, फक्त साप आपणच हाओ."

दत्तोपंत हिरमुसले. म्हणाले, "इतिहासात तह मोडतच होते." मनोहरराव म्हणाले, "मास्तर, इतिहासात लोक पैसे देऊन खोका विकत घेत नव्हते."

मनोहररावांनी मले जाताना थांबवलं. "लहान्या, तुले डोकं हाये. हे तहाचं नीट बसवून दे. दसऱ्यापर्यंत बसलं तर तुले पक्का करतो. राहाले मागची खोली देतो."

कामठीच्या मागावर मी तीन महिने टिकलो, कळमेश्वरच्या फॅक्टरीत पाच. पक्का हा शब्द आजवर मले कोणी म्हटला नव्हता.

२२ ऑगस्ट

सिंधूचं पत्र आलं. सिंधू माझी बहीण, तीन वर्षांनी लहान, पण सातवी शिकली म्हणून अक्षर छापल्यासारखं. लिहिते, बरी आहे, पाऊस बरा आहे, सासू बरी आहे. तीन वेळा बरी. शेवटी, दादा तुझे सहा महिने कधी भरतात?

लिहून ठेवतो, नाहीतर मलेच विसर पडायचा. वैशाखात सिंधूचं लग्न पुसदकडं धोंडबासंगं झालं. साट्याचं ठरलं होतं: आमची सिंधू त्याईच्या घरी, अन् धोंडबाची बहीण जयवंता आमच्या घरी, म्हणजे माझ्याशी. दोन्ही लग्नं एकाच मांडवात लागायची होती. मी म्हटलं, नोकरी पक्की नाही, मले सहा महिने द्या. पंच बसले, बाप खाली मान घालून बसला. त्याईनं सहा महिने दिले. अन् मी दुसऱ्या दिवशी परत नागपूरची बस धरली.

जयवंतात काही खोट नाही. एकदाच पाहिली. विहिरीवर होती, माझ्याकडं सरळ पाहिलं अन् दोर ओढत राहिली. पण मी आता कुठं सुटलो आहे. त्या मुलखात परत जाऊन बसाचं नाही मले.

आज खेळात कोणाचाच तह मोडला नाही मी. हरलो.

२ सप्टेंबर

सुचलं! खळ करपली, मनोहररावांच्या शिव्या खाल्ल्या, पण सुचलं.

दंडानं तह टिकत नाही. घोडे गेले तर परत येतात. तह टिकाचा असेल तर आपलं काहीतरी दुसऱ्याच्या घरात पाहिजे, जे घोड्यानं भरून निघत नाही. म्हणून प्रत्येक राजाले एक जास्तीची सोंगटी. पिवळी. तिचं नाव सोयरी. तह करताना मी माझी सोयरी तुझ्या राजधानीत ठेवणार, तू तुझी माझ्या राजधानीत. मी तुझ्यावर चालून आलो तर माझी सोयरी मेली, अन् ज्याची सोयरी मेली त्याच्याशी पुढं कोणीच तह करणार नाही.

दत्तोपंतांनी चष्मा काढला. "अरे, हे तर ओलीस! राजे आपला मुलगा, भाऊ दुसऱ्याच्या दरबारी ठेवत. तुला कोणी सांगितलं हे?"

"कोणी नाही जी. आपोआप सुचलं."

"आपोआप," ते म्हणाले अन् बराच वेळ माझ्याकडं पाहत राहिले. म्हातारी माणसं अशीच पाहतात.

३ सप्टेंबर

खेळलो. पूर्ण सुट्टी गेली अन् खेळ अर्ध्यावर होता. मनोहररावांनी घड्याळ पाहिलं नाही! मधुसूदन म्हणे, "अब आया मजा, भाऊ. अब साला डर लगता है." पिवळ्या सोंगट्यांसाठी रंभाबाईनं पुठ्ठ्याचे गोल कापून हळदीच्या पाण्यात बुडवले. छान दिसतात.

९ सप्टेंबर

पोळा झाला. बापाचं पत्र आलं, गावच्या मास्तरकडून लिहून घेतलेलं. सिंधूले पोळ्याले आणाले बाप गेला होता. त्याईनं धाडली नाही. धोंडबा म्हणाला, "तुमचा पोरगा येऊ द्या, मंग तुमची पोरगी येईन." बाप चहा न घेता परत आला.

असं बोलाले नव्हतं पाहिजे त्यानं. मी नाही म्हटलं काय? थांबा म्हटलं. दोन्हीत फरक आहे.

१५ सप्टेंबर

आज मी जिंकलो, अन् असा जिंकलो की मधुसूदननं पाठीवर थाप मारली.

रंभाबाईचा इंग्रज जोरात होता. म्या तिच्यासंगं तह धरला. तिनं तिची सोयरी लगेच माझ्या नागपुरात ठेवली. माझी पाळी आली तर मी म्हटलं, "माझी पुढच्या दानाले देतो, आत्ता घोडे हलवा लागतात." पुढचं दान आलं, तेव्हाही तेच म्हटलं. नियमात कुठं लिहिलं आहे की कधी द्यायची? तिची सोयरी माझ्या घरात म्हणून ती माझ्यावर येऊ शकत नाही. माझी माझ्याजवळ, म्हणून मले काही भेव नाही. सहा दानं अशी काढली अन् तेवढ्यात चार किल्ले बांधले.

रंभाबाईनं फासा आपटला. "काहून रे लहान्या, माही पोरगी तुह्या घरी बसून हाये अन् तू इकडं किल्ले बांधून राहिला?"

"म्या तह मोडला काय?"

"मोडला असता तर बरं झालं असतं. मोडला तर माणसाले समजते तरी."

सगळे हसले. मी पण हसलो. ही खोट दत्तोपंतांना सांगा लागते, ते माझं कामच आहे. पण आज सांगितली नाही. उद्या सांगीन.

२० सप्टेंबर

सिंधूचं पत्र. पण अक्षर तिचं नाही. बारीक, डावीकडं कललेलं. खाली लिहिलं आहे, लिहिणार जयवंता. जसंच्या तसं उतरवतो:

"वहिनी म्हणतात मी खुशाल आहे असे लिही. म्हणून लिहिते. वहिनी म्हणतात हाताचे दादाला सांगू नको. म्हणून सांगत नाही. त्यांना सध्या पेन धरता येत नाही, एवढेच. वहिनी म्हणतात तू तुझ्या सवडीने ये. माझे काही म्हणणे कोणी विचारलेले नाही, म्हणून ते लिहीत नाही."

कागदाच्या कोपऱ्यात पिवळा डाग आहे. हळदीचा. स्वयंपाक करता करता लिहिलं असेल.

हात भाजला असेल. कामात हात भाजतोच, मलेही खळीनं दोनदा भाजलं. पण उजवा हात, अन् पेन धरता येत नाही म्हणजे किती? अन् न सांगाचं असं लिहून कोणी पाठवते काय? चारदा वाचलं. खळ बुडाले लागली. फेकून पुन्हा शिजवली.

आज सुट्टीत पहिल्याच दानाले माझी सोयरी देऊन टाकली, कोणी मागितली नव्हती तरी.

२७ सप्टेंबर

उशिराची खोट शेवटी दत्तोपंतांना सांगितली. त्यांनी नियम केला: तह झाला की त्याच पाळीत दोन्ही सोयऱ्या हलल्या पाहिजेत, नाहीतर तह नाही. झालं. वाटलं आता खेळ पूर्ण.

तर रंभाबाईनं नवीन काढलं. पिवळी सोंगटी बोटात धरून म्हणे, "हिचा फासा कुठं हाये?"

"हिले फासा नसते. ही सोयरी हाये."

"म्हणजे आपण कटून मरू, किल्ले घेऊ, अन् ही दुसऱ्याच्या घरात बसून पाहत राहीन? हिले पण एक दान द्या. हिले वाटलं तर उठून जाईन."

मी म्हटलं, "मंग तह टिकन कसा? गोटी आपल्या मनानं चालली तर खेळ कोणाचा?"

"तेच इचारून राहिली मी. खेळ कोणाचा?"

दत्तोपंत म्हणाले इतिहासात असं नव्हतं. मनोहरराव म्हणाले पाच तारखेले नियमांचा कागद छपाईले जाते, आता काहीच घुसवाचं नाही. मी सुटलो.

रंभाबाई छप्पन साली सात वर्षांची होती. बापाच्या खांद्यावर बसून तिनं धम्मदीक्षेची ती सारी गर्दी पाहिली, असं ती कधीमधी सांगते. टेबल पुसता पुसता म्हणे, "माह्या बापानं मले इचारून लग्न केलं. मले पोरगा आवडला नाही, तर दुसरा पाहिला. लोकाईनं नावं ठेवली, बाप म्हणे ठेवू द्या." मंग माझ्याकडं न पाहता, "तुह्या बहिणीचं पत्र आलं त्या दिवशी तू कोणाले फसवत नाही. तुले माहीत हाये काय?"

मागची पानं उलटून पाहिली. २२ ऑगस्ट. २० सप्टेंबर. असेल योगायोग.

५ ऑक्टोबर

नियमाचे पाचशे कागद छापून झाले. सगळ्यात खाली बारीक टाइपात: "तहाचे नियम सुधारणारा: लहानू." मनोहररावांनी मले न सांगता टाकलं. मधुसूदननं शाई ओली असतानाच आणून दाखवलं. तीन-तीनदा वाचलं. खोलीची चावी पण मिळाली. भिंतीले ओल आहे पण खिडकी आहे.

दुपारी बापाचं पत्र. "पंच बसले. दसऱ्याले येऊन जयवंताले कुंकू लावायचं. नाही आलास तर सिंधूले ते कायमचं पाठवून देतील."

पाठवून देतील तर घरी येईल, बरंच आहे, असं एक मन म्हणते. पण पाठवलेली बाई म्हणजे गावात काय, ते मले माहीत आहे. अन् पाठवाच्या आधी काय करतील ते माहीत नाही. तेच डोक्यात फिरते.

उत्तर लिहाले बसलो. "येतो" लिहिलं, फाडलं. "येत नाही" लिहिलं, फाडलं. "दिवाळीनंतर" लिहिलं. तेही फाडलं. कागद रद्दीच्या टोपल्यात टाकले तर वाटलं कोणी जोडून वाचलं तर? पुन्हा उचलून चुलीत घातले.

१२ ऑक्टोबर

सिंधू आली.

दहाचा सुमार. पुठ्ठा कापत होतो. दारात कोणीतरी उभं आहे असं दिसलं, वाटलं दुकानवाल्याची बाई. कापडी पिशवी, डोक्यावर पदर, उजवा हात कोपरापर्यंत धोतराच्या चिंधीत. चिंधी पिवळी झालेली.

"दादा, कटिंग बंद कर. बोट जाईन," ती म्हणे.

मी मशीन बंद केली. म्हटलं, "कोणी पाठवलं तुले?"

"कोणी नाही पाठवलं. आली."

"एकटी?"

"जयवंतानं बसपर्यंत आणून दिलं. पिशवी तिनंच भरली. तिकिटाचे पैसे पण तिचेच. म्हणे, वहिनी, माह्यासाठी तुम्ही कितीक दिवस बसान?"

"हात कशानं भाजला?"

"चुलीनं."

"चुलीनं एवढा कसा भाजन वं?"

ती हसली. सिंधूचं असं हसणं मी आधी पाहिलं नव्हतं. "चूल कोणाच्या घरची होती, ते इचार. अन् त्या दिवशी तुह्या सहा महिन्याईचं बोलणं चाललं होतं, ते पण इचार."

रंभाबाई आली अन् तिले आत घेऊन गेली. पाण्याचा आवाज आला, मंग चिंधी सोडताना सिंधूचा आवाज आला. मी दारात उभा राहिलो. कोणी मले आत बोलावलं नाही.

१३ ऑक्टोबर

दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण म्हणाली, तीन आठवड्यांच्या वर झालं याला, आधी का नाही आणलं? माझ्याकडं पाहून विचारलं. बोटं वळतील म्हणाली, वेळ लागेल.

तीन आठवडे. २० सप्टेंबरचं पान काढून पाहिलं. "कामात हात भाजतोच." माझंच अक्षर.

१४ ऑक्टोबर

सगळी रात विचार केला, सकाळी सिंधूले सांगून टाकलं. "परवा दसरा. मी जातो, जयवंताले कुंकू लावतो. साटं पुरं होते. मंग तुले कोणी बोट लावणार नाही. परत नेऊन घालतो."

ती डाव्या हातानं चहा पीत होती. सुट्टीत खेळाजवळ येऊन बसली. पट पाहिला, घोडे पाहिले. मंग पिवळी सोंगटी उचलली.

"हे काय हाये?"

सांगितलं. सोयरी. आपली त्याच्या घरी, त्याची आपल्या घरी, म्हणजे कोणी कोणावर चालून येत नाही. हे म्या काढलं, असंही सांगितलं. खाली छापलेलं नाव दाखवलं.

तिनं पूर्ण ऐकून घेतलं. "अन् ही काय करते?"

"ही बसून राहते."

"हिले कोणी मारलं तर?"

"मारत नाही. तह टिकला तर मारत नाही."

"अन् थोडं मारलं तर? जीव नाही घेतला, नुसतं भाजलं तर? त्याचा काय नियम हाये?"

मधुसूदन उठून मशीनकडं गेला. दत्तोपंत चष्मा पुसत राहिले. रंभाबाई माझ्याकडं पाहत होती, पण आज टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

सिंधू म्हणे, "तू जाशीन, कुंकू लावशीन. म्हणजे मी तिकडं अन् ती इकडं. मी भाजली म्हणजे तू तिले भाजशीन काय दादा?"

"मी? काहून भाजन मी?"

"साट्यात तसंच असते. तिकडं माह्या पाठीवर पडलं की इकडं तिच्या पाठीवर पडलं पाहिजे. नाहीतर साटं कशाचं? धोंडबाची माय रोज हेच म्हणे, आमची पोरगी तिथं नाही, म्हणून तुमच्या पोरीचं आमाले काय भेव." तिनं सोंगटी माझ्या तळहातावर ठेवली. "मी परत नाही जात. मले इचारून घे, मंग नेऊन घाल."

१५ ऑक्टोबर

मनोहररावांकडं गेलो. म्हटलं, एक नियम राहिला. ते ओरडले. पाचशे कागद छापलेले, खोके अर्धे भरलेले, डोकं फिरलं काय? म्हटलं, एक पट्टी छापून द्या, कागदावर डकवून देतो, माझ्या वेळात. नाही दिली तर माझं नाव तरी खोडा. दत्तोपंत म्हणाले, "मनोहर, दे. इतिहासात नव्हतं, पण खेळात असू दे." मनोहररावांनी 'करा काय ते' म्हणून हात उडवला.

मधुसूदननं टाइप जुळवला. मी सांगितलं होतं: "सोयरीला सहा पडले तर ती घरी परत जाऊ शकते." सिंधूनं प्रूफ वाचलं. "सहाच काहून? अन् घरीच काहून?" डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या अक्षरात खोडून लिहिलं. छापलं ते असं:

"प्रत्येक सोयरीस स्वतःची पाळी आहे. ती आपल्या मर्जीने कोणत्याही घरात जाऊ शकते. तिला कोणताही राजा अडवू शकत नाही."

खळ मी शिजवली. रंभाबाईनं लावली. सिंधू डाव्या हाताच्या अंगठ्यानं पट्टी दाबत होती. दोनशे झाल्या, बाकी सोमवारी. मनोहरराव जाताना उभे राहून पाहत होते. म्हणाले, "बाई, तुमची पट्टी सरळ बसते." रंभाबाई म्हणे, "मंग मालक, टेबलावर एक जागा हाये." ते हो म्हणाले नाहीत. नाही पण म्हणाले नाहीत.

१६ ऑक्टोबर, दसरा

बसस्टँडवर बसून लिहितो. पुसदची गाडी लागाची आहे.

मागच्या खोलीची चावी सिंधूजवळ दिली. आधी म्हटलं, आता मी जाऊन काय करू, साटं तर मोडलं. ती म्हणे, "मोडलं कसं? एक अजून तिकडं बसून हाये. मले बसमध्ये बसवलं म्हणून तिचं काय झालं असन, ते तुह्या डोक्यात आलं काय?"

नव्हतं आलं. खरं लिहितो, नव्हतं आलं.

"तिले जाऊन इचार," सिंधू म्हणे. "कुंकू खिशात घेऊन जाऊ नको. हात रिकामे घेऊन जा. तिले इचार, तुले काय पाहिजे. तुह्यासंगं याचं हाये का, एकटीनं याचं हाये, का तिथंच राहाचं हाये."

"अन् ते लोक?"

"मारतील. मारू दे थोडं."

"अन् ती नाही म्हणाली तर?"

"तर नाही ऐकून ये."

गाडीची पाटी दिसून राहिली. धोंडबा ओट्यावर बसलेला असेल, त्याच्यासमोरून आत जाऊन तिच्याशी बोला लागते, अन् काय बोलाचं ते जमवून ठेवलं की शब्द पळून जातात. सहा महिन्यांत तिचं एक वाक्य मले आठवते, माझे काही म्हणणे कोणी विचारलेले नाही. तिथूनच सुरू करीन.

खिशात हात घातला तर पिवळी सोंगटी निघाली, त्या दिवशी सिंधूनं तळहातावर ठेवलेली. परत खिशात टाकणार होतो. मंग बाकड्यावर ठेवून दिली.